भाषा मार्गदर्शन : श्री. गोकुळ पठाडे

‘नाका १९७४’ या मालिकेचा पहिला भाग सुरू होऊन अकरा मिनिटं झाली होती, आणि तेवढ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये बसलेल्या साठ माणसांपैकी चाळीस माणसं गोकुळ पठाडे यांच्यावर चिडलेली होती. उरलेली वीस चहाकडे डोळे लावून बसली होती. ती चहा पिऊन झाल्यावर चिडली.

वास्तविक ही मालिका गोकुळरावांनी लिहिली नव्हती, काढली नव्हती, तीत कामही केलं नव्हतं. शहराच्या जकात नाक्यांवर त्यांनी पंचवीस-सव्वीस वर्षं ट्रक अडवले होते, आणि जकात बंद झाल्यावर उरलेली नोकरी फायलींवरची धूळ झटकत काढली होती. मुंबईची एक कंपनी जुन्या औरंगाबादेतल्या गुंडांवर, म्हणजे जकात चुकवून तेलाचे डबे आणि साखर आत आणणाऱ्या टोळीवर मालिका काढणार होती. इथली भाषा शिकवायला कुणीतरी माहीतगार माणूस हवा होता. कुणीतरी पठाड्यांचं नाव सुचवलं. मग तीन दिवस जालना रोडवरच्या एका हॉटेलात गारठा खात बसून गोकुळरावांनी लेखक मंडळींना इथलं बोलणं समजावून दिलं. मोबदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली. पडद्यावर नाव.

“लई मोठ्या अक्षरात नाय म्हणत मी,” ते म्हणाले होते. “पण चष्मा लावून वाचता आलं पायजे.”

त्या तीन दिवसांत त्यांनी लेखकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. इथला गुंड ओरडत नाही. इथला गुंड खुर्ची पुढं करतो, चहा मागवतो, घरच्यांची चौकशी करतो, आणि समोरच्याला मग घाम फुटतो. लेखकांनी हे सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं. उतरवून घेतात म्हणजे तसंच करतात, असं निदान सरकारी नोकरीत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसानं तरी समजायला नको होतं.

ही मालिका गोकुळराव घरीच बघणार होते. ते, त्यांची बायको द्वारकाबाई आणि शहागंजातले त्यांचे चाळीस वर्षांचे दोस्त कमरोद्दीन टेलर. तीन माणसं, एक टीव्ही, रविवारी दुपारी बारा वाजता दोन भाग, नंतर जेवण. पण ही गोष्ट जिन्यात सोमनाथ सरांच्या कानावर गेली. सोमनाथ सर म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष आणि निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, “पठाडे, सोसायटीतल्या माणसाचं नाव टीव्हीवर येतंय. हे सामूहिक बघितलं पायजे. तुम्ही रीतसर अर्ज करा.”

गोकुळरावांनी अर्ज केला. हॉल फक्त ‘मंगल व सामाजिक’ कार्यांसाठी होता, म्हणून गुंडांची मालिका कुठल्या सदरात बसवायची यावर कार्यकारिणीची दोनदा बैठक झाली. शेवटी ‘सामाजिक (ऐतिहासिक)’ असं लिहून परवानगी मिळाली. दुसऱ्या मजल्यावरच्या ऋतुराजनं प्रोजेक्टर देऊ केला. पडदा म्हणून लीलाबाईंनी पांढरी चादर दिली, आणि ती परत करताना इस्त्रीची असावी असं तीन वेळा सांगितलं. स्पीकर गणपती मंडळाचा. स्पीकर म्हटल्यावर सर म्हणाले, पोलिसांत कळवलेलं बरं. गोकुळराव तिथंही गेले.

“कशाबद्दल कार्यक्रम हाय?” तिथल्या हवालदारानं विचारलं.

“गुंडांबद्दल.”

“कोणते गुंड?”

“जुने.”

“हयात हायत का?”

“नाय. मालिकेतले हायत.”

हवालदारानं बराच वेळ त्यांच्याकडं पाहिलं आणि ‘भजन’ असं लिहून घेतलं.

तर असा तो रविवार. पडद्यावर पैठण रोडचा जकात नाका आला, आणि नाक्याच्या मागं नारळाची झाडं. पहिली कुजबूज तिथं झाली. चितेगावला कारखान्यात जाणारे दोघं होते, त्यांचा तो रोजचा रस्ता. “हे नारळ कुठं हाय?” एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, “पठाडे काकांनी सांगितलं आसंल.” मग नायक आला. त्याचं नाव विक्रांत. चौऱ्याहत्तर सालच्या औरंगाबादेत, मे महिन्यात, त्यानं काळं चामड्याचं जाकीट घातलं होतं. जीपच्या टपावर उभा राहून तो ओरडला, “आरं ए! म्या हाय हितला राजा! गाडीन तुला हितंच!”

ही साताऱ्याकडची भाषा की सांगलीकडची, यावर मागच्या रांगेत वाद सुरू झाला. सोमनाथ सरांनी मागं वळून तो मिटवला. “कुठलीच नाय. ही सिनेमातली हाय. आपल्या पठाड्यांनी शिकवलेली.”

“मी नाय शिकवली,” गोकुळराव म्हणाले.

“मग तीन दिवस काय शिकवलं?”

यानंतर विक्रांत जो ओरडत सुटला तो थांबेना. तो आईशी ओरडून बोलला, देवाशी ओरडून बोलला, बैलाशीही ओरडून बोलला. लीलाबाईंना विक्रांतच्या वहिनीचं पाठ उघडी ठेवणारं पोलकं दिसलं. “पंच्याहत्तरला मी नवी नवरी व्हते,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “सासूनं मला डोक्यावरचा पदर पाडून पाणीबी आणू दिलं नाय. आन् हे दाखवू ऱ्हायले.” सोमनाथ सरांनी नाक्याच्या भिंतीवरचा नकाशा पकडला. त्यात जालना वेगळा जिल्हा होता. “जालना वेगळा झाला एक्क्याऐंशीला,” सर उठून उभे राहिले. “चौऱ्याहत्तरला तो आपल्यातच होता. पठाडे, तुम्ही तेव्हा सातवीत असाल. पण भूगोल तर होता ना सातवीत?”

गोकुळरावांनी शिकवलेलं एकच वाक्य मालिकेत जसंच्या तसं आलं. “भाऊ, बसा ना. काय घाई नाय.” पण ते एका प्यायलेल्या शिपायाच्या तोंडी होतं, आणि ते म्हणून तो गटारात पडला. त्यावर साठ माणसं हसली. एकशेवीस मिनिटांत तेवढंच हसू.

पहिला भाग संपला आणि नावं आली. बाकीच्यांची नावं मुंग्यांसारखी भराभर वर गेली. मग पडदा काळा झाला, आणि अख्ख्या चादरीवर एकच ओळ उमटली : ‘भाषा मार्गदर्शन : श्री. गोकुळ पठाडे’. कंपनीनं शब्द पाळला होता. ती ओळ चार सेकंद तशीच थांबली. चष्म्याशिवायही वाचता येत होती. कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी फक्त “हं” म्हणालं.

एवढं झालं तरी ते सहन करण्यासारखं होतं. दुसऱ्या भागात शिंपी आला.

हा शिंपी शहागंजातला. डोळ्यांत सुरमा, गळ्यात तावीज, अंगात जाळीचं बनियन. तो बोलायचा ते लखनौच्या नवाबासारखं : “हुज़ूर, गुस्ताख़ी माफ़ हो, इस नाचीज़ की इल्तिजा है.” एक दिवस जमाव चालून येतो, आणि हा शिंपी एका तरुण जकात कारकुनाला कापड कापायच्या टेबलाखाली लपवतो. हॉलमधल्या लोकांना हा प्रसंग आवडला. लीलाबाई म्हणाल्याही, “चला, एक तरी माणूस बरा निघाला.” पुढच्याच प्रसंगात शिंप्यानं कारकुनाला विक्रांतच्या हवाली केलं, आणि बदल्यात एक नवं शिलाई मशीन घेतलं.

पहिल्या रांगेतून कमरोद्दीन उठले. आजच्यासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं शिवलेला नवा कुर्ता घातला होता. ते उठले तशी त्यांची सावली चादरीवर पडली, आणि थोडा वेळ शिंपी दिसेनासा झाला.

“गोकुळभाई, मैं चलता हूं,” ते म्हणाले.

“अजून संपायचंय,” गोकुळराव म्हणाले.

“मेरा तो हो गया.”

आणि ते गेले. द्वारकाबाईंनी त्यांच्यासाठी केलेलं शिऱ्याचं ताट तसंच झाकून राहिलं.

हा प्रसंग खरा होता. म्हणजे मशीनपर्यंतचा. पंच्याऐंशी साली गोकुळराव नाक्यावर नवे होते. सणाच्या तोंडावर साहेबानं अकरा ट्रक अडवून ठेवले, साहेब घरी गेला, आणि चिडलेला जमाव नाक्यावरून पळालेल्या कारकुनाला शोधत शहागंजात आला. कमरोद्दीननं त्यांना टेबलाखाली घातलं आणि वरून कापडाचे तागे टाकले. ते सहा तास तिथं होते. संध्याकाळी बाहेर निघाल्यावर गोकुळरावांनी कमरोद्दीनकडून एक वचन घेतलं, की हे कुणाला सांगायचं नाही. जकात खात्याचा माणूस टेबलाखाली सापडला, ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हती. कमरोद्दीननं चाळीस वर्षं ते कुणाला सांगितलं नाही. आणि गोकुळरावांनी एसी हॉटेलात, तिसऱ्या दिवशी, लेखकांना जांभया यायला लागल्या म्हणून, सांगून टाकलं.

रविवारची उरलेली दुपार अशी गेली, की सोमनाथ सरांनी चुकांची यादी दोन पानी करून आणून दिली. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऋतुराजनं ‘आजच्या कार्यक्रमाबद्दल प्रतिक्रिया कळवा’ असं टाकलं, आणि लोकांनी कळवल्या. पुण्याहून लेक प्रेरणाचा फोन आला. “बाबा, तुम्ही अॅपवरचे रिव्ह्यू वाचू नका,” ती म्हणाली. त्यामुळं गोकुळरावांनी ते सगळे वाचले. एकानं एक तारा देऊन लिहिलं होतं, ‘भाषा मार्गदर्शकाला पैठण रोडच्या नारळाला बांधा.’ वेरूळच्या एका गाईडनं लिहिलं होतं की परदेशी पाहुणे यापेक्षा बरं मराठी बोलतात. एका बाईंनी पाच तारे दिले होते. गोकुळरावांना बरं वाटलं, पण त्या नायकाच्या आत्या निघाल्या.

“मी म्हणलं व्हतं,” द्वारकाबाई म्हणाल्या, “फुकट काम करायचं तर निदान नाव तरी लावू नका.”

त्या असं कधीच म्हणाल्या नव्हत्या. पण गोकुळरावांना वाद घालायची ताकद राहिली नव्हती.

सोमवारी ते शहागंजात गेले. कमरोद्दीन एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळं बोलायचा प्रश्नच नव्हता. माप झालं, टाचण्या निघाल्या, तरी ते बोलले ते गिऱ्हाइकाशीच.

“सेठ, कल मेरे घर में क्या हुआ मालूम?” ते टेप गुंडाळत म्हणाले. “मेरी बीवी ने टीव्ही पे वो दर्जी देखी. फिर मेरेकू पूछी, ‘सच्ची बोलो, वो मशीन लिये थे क्या तुम?’ चालीस बरस की शादी है, सेठ. चालीस बरस जिस मशीन पे बच्चे पाले, उस मशीन पे हात रख के पूछी.”

गिऱ्हाईक गोंधळलं. त्यानं मालिका पाहिली नव्हती. तो पँट शिवायला आला होता.

“कमरोद्दीनभाई, मी ते मशीनचं नाय सांगितलं,” गोकुळराव म्हणाले. “त्यांनी मनानं घातलं.”

“सेठ, पैंट जुम्मे कू मिलेगी,” कमरोद्दीन गिऱ्हाइकाला म्हणाले, आणि मशीन चालू करून बसले. गोकुळराव पंधरा मिनिटं उभे राहिले. मशीन काही थांबलं नाही. परतीच्या वाटेवर गुलमंडीपाशी ते स्कूटर बाजूला घेऊन थांबले, आणि त्यांना असा संताप आला की काय करावं सुचेना. विक्रांतचा संताप, लेखकांचा संताप, जालना जिल्ह्याचा संताप, आणि सगळ्यात जास्त त्या तिसऱ्या दिवशीच्या स्वतःच्या जिभेचा. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, की आपलं नाव त्या मालिकेतून काढून घ्यायचं. त्या शिंप्याच्या पापात आपलं नाव नको.

कंपनीत सोनिया नावाची मुलगी हे काम बघायची. तिनं पहिल्या घंटेला फोन उचलला.

“सर, रिअॅक्शन्स जबरदस्त आहेत,” ती म्हणाली. “लोक इतके एंगेज झालेत.”

“लोक चिडलेत, बाई.”

“हो, तेच.”

नाव काढायचं म्हटल्यावर तिचा आवाज कोमेजला. नाव लावणं सोपं असतं म्हणाली, काढणं कायदा विभागाकडं जातं. त्यासाठी स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र लागेल, नोटरी केलेलं. आणि तो शिंपी खोटा आहे असं मालिकेत लिहा, हे तर शक्यच नाही. “सर, सुरुवातीला येतंच ना, सर्व पात्रं काल्पनिक आहेत म्हणून.”

“मग माझं नाव कशाला खरं ठेवलं?” गोकुळरावांनी विचारलं.

मंगळवारी ते कोर्टाच्या बाहेर लिंबाखाली टेबल मांडून बसलेल्या टंकलेखकाकडं गेले. गृहस्थ अनुभवी होता. “सात-बाऱ्यावरून नाव कमी करणे, गॅझेटमध्ये नाव बदलणे, दोन्ही मसुदे तयार हायत,” तो म्हणाला. “मालिकेतून काढायचं पहिल्यांदाच आलं. पण दोन्ही मिळून होऊन जाईल.” गोकुळरावांनी सगळी हकिगत सांगितली : भाषा, जमाव, टेबल, शिंपी, कमरोद्दीनवर झालेला अन्याय. तो मान हलवत टाइप करत राहिला. शेवटी कागद काढला आणि म्हणाला, “आता पेपरात जाहीर नोटीस द्या. नोटिशीशिवाय कुठलंच नाव निघत नाय. मीच पाठवतो. कंपनीचा कागदबी मीच लावून देतो.”

सावलीबाहेर ऊन तापलेलं, गर्दी रेटत होती. टंकलेखकानं जिथं बोट ठेवलं तिथं गोकुळरावांनी सह्या केल्या. चष्मा घरी राहिला होता.

गुरुवारी सकाळी नोटीस छापून आली. सोमनाथ सरांनी ती जिन्यात सगळ्यांना वाचून दाखवली : “तमाम लोकांस कळविण्यात येते की, ‘गोकुळ सांडू पठाडे’ या नावाशी मी, गोकुळ सांडू पठाडे, वय चौसष्ट, याचा यापुढे कोणताही संबंध राहिलेला नाही. सदर नावाने कोणीही कोणताही व्यवहार केल्यास तो माझ्यावर बंधनकारक राहणार नाही.”

“मग आता तुम्हाला काय म्हणायचं?” सरांनी विचारलं. ते खरंच विचारत होते. सोसायटीच्या रजिस्टरचा प्रश्न होता.

त्या दिवशी फोन थांबला नाही. बिडकीनहून द्वारकाबाईंचा भाऊ बोलला, “दाजी, पोरीच्या लग्नाची पत्रिका छापायला गेलीय. निमंत्रकांत तुमचं नाव हाय. ठेवू का काढू?” पेन्शनच्या ऑफिसातून एका सभ्य आवाजात विचारणा झाली, की आपण आपणच आहात असं एकदा येऊन लिहून देता का. लीलाबाईंनी दारातूनच सांगितलं की नाव काय ठेवायचं ते ठेवा, पण चादर अजून आली नाही.

सगळ्यात जास्त चिडल्या द्वारकाबाई. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तेव्हा भांडं आपटून बोलल्या. “चाळीस वर्षं उखाण्यात घेतलेलं नाव हाय ते. मला इचारलं तरी का काढायच्या आधी?”

गोकुळरावांनी आयुष्यात पुष्कळ अपमान गिळले होते. ट्रकवाल्यांनी अंगावर थुंकल्याचाही त्यात समावेश होता. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोसमोर, आपण गोकुळ पठाडेच आहोत हे पटवून देण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यांनी टंकलेखकाला फोन केला. तो म्हणाला, “नोटिशीत घोळ झाला आसंल, पण कंपनीला पाठवलेला कागद बराबर हाय. तिकडून उत्तरबी आलं. नाव निघणार.”

दुसरा रविवार आला. हॉल बंद होता. गोकुळराव आणि द्वारकाबाई घरीच टीव्हीपुढं बसले, सोफ्याच्या दोन टोकांना. विक्रांत दोन तास ओरडला. नावं आली, मुंग्यांसारखी वर गेली, पडदा काळा झाला. गोकुळराव पुढं वाकले. त्यांचं नाव नव्हतं. त्या जागी ओळ होती : ‘कथाबीज व भाषा मार्गदर्शन : कमरोद्दीन टेलर, शहागंज’.

गोकुळरावांनी उठून प्रतिज्ञापत्राची प्रत काढली आणि या वेळी चष्मा लावून वाचली. कलम चार : ‘सदर भाषा तसेच सदर शिंप्याची हकिगत ही मूळ कमरोद्दीन टेलर, रा. शहागंज यांची असून तिच्याशी माझा काडीमात्र संबंध नाही.’ खाली त्यांची सही होती. सुरेख, वळणदार.

“आता?” द्वारकाबाईंनी विचारलं.

पाऊण तासानं खाली रिक्षा थांबली. कमरोद्दीन आले, आणि त्यांच्यामागून त्यांची बायको मेहरुन्निसा. कमरोद्दीननं चपला दारात काढल्या, आत येऊन खुर्चीत बसले आणि पाणी प्यायले. मग बोलले. आठवड्याभराचं साचलेलं होतं.

“गोकुळभाई, पहले तो मैं खाली चोर था. अब पूरे मोहल्ले में बोलरे के मैंच अपनी चोरी का किस्सा लिख के दिया. चार जने पूछके गये, किताब कब निकालरे बोलके. ये क्या किये तुम मेरेकू?”

गोकुळरावांनी समजावून सांगायला तोंड उघडलं. कलम चार, टंकलेखक, चष्मा, सगळं ओठांवर आलं होतं. पण समोर मेहरुन्निसाभाभी बसल्या होत्या. त्या त्यांच्याकडंच बघत होत्या, आणि त्यांना कलम चार नको होतं. गोकुळराव त्यांच्याकडं वळले.

“भाभी, मशीन खोटं हाय,” ते म्हणाले. “बाकी सगळं खरं हाय. पंच्याऐंशीला, सणाच्या तोंडावर, मी सहा तास त्यांच्या टेबलाखाली होतो. मला शिंका येऊ लागल्या, तर आवाज बाहेर जाऊ नये म्हणून हे मशीन चालवत बसले. काम तर काही नव्हतं. एका कोटाचं अस्तर त्यांनी तीन वेळा शिवलं आन् तीन वेळा उसवलं. दारात माणसं येऊन शिव्या देऊ राहिली, यांनी मान वर केली नाय. मीच म्हणालो होतो, कुणाला सांगू नका. मला लाज वाटत होती. त्यांनी तुम्हालाबी नाय सांगितलं. आन् मी सांगितलं, परक्या लोकांना. पडद्यावर नाव यावं म्हणून.”

मेहरुन्निसाभाभींनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“पंच्याऐंशी में?” त्यांनी नवऱ्याला विचारलं. “शादी के बाद पहली ईद के आगे? दोपहर कू खाने को नहीं आये थे, वो दिन?”

“हौ.”

“मैं चार दिन बात नहीं करी थी तुमसे.”

“पांच,” कमरोद्दीन म्हणाले.

भाभी उठल्या आणि स्वयंपाकघरात द्वारकाबाईंकडं गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. मग कमरोद्दीन म्हणाले, “लगाओ उस कंपनी कू फोन.”

सोनियानं रविवार असूनही फोन उचलला. कमरोद्दीननं तो हातात घेतला आणि त्यानंतर सात मिनिटं ते बोलले. आवाज एकदाही चढला नाही. त्यांनी तिला तब्येत विचारली, आईवडील कुठले विचारलं. मग तिच्या कंपनीच्या लेखकांनी कधी शिंपी पाहिला आहे का, शिंपी जाळीचं बनियन घालून गिऱ्हाईक करतो का, इल्तिजा कशाशी खातात, असं एकेक सावकाश विचारत, टाका घालावा तसं ते बोलत गेले. ऐकताना गोकुळरावांच्याच पाठीला घाम फुटला. लेखकांना तीन दिवस जे समजावून सांगितलं, ते हेच होतं.

मग सोनिया म्हणाली, “सर, हे जे आत्ता बोललात ना, हे फार ऑथेंटिक आहे. शिंप्याला असंच बोलायला लावू आपण. रेकॉर्ड करून पाठवाल का? नाव मोठं देऊ.”

कमरोद्दीननं फोनवर तळहात ठेवला. “क्या बोलूं?” त्यांनी हळूच विचारलं.

गोकुळरावांना रागानं उत्तर द्यायचं होतं. पण खरं सांगायचं तर क्षणभर त्यांच्याही मनात आलं, की निदान आता तरी भाषा बरोबर येईल.

मेहरुन्निसाभाभी बाहेर आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला. “बेटी,” त्या शांतपणे म्हणाल्या, “मेरे आदमी का नाम निकालो. और अगले इतवार कू वो दर्जी कू मार डालो.”

“मॅम, पुढचं काय होणार ते सांगता येत नाही,” सोनिया म्हणाली.

“तुम नक्को सांगो. मैं सांगरी. मार डालो.” आणि त्यांनी फोन बंद केला.

त्या दुपारी चौघंही जेवले. द्वारकाबाई अजून नवऱ्याशी सरळ बोलत नव्हत्या, भाकरी वाढताना त्या कमरोद्दीनला म्हणायच्या, “भाईजान, तुमच्या शेजारच्या बिननावाच्या माणसाला इचारा, अजून पायजे का.” कमरोद्दीन विचारायचे. गोकुळराव हो म्हणायचे.

तिसऱ्या रविवारी बारा वाजता दोघं नवरा-बायको शहागंजातून आपणहून आले. येताना मेहरुन्निसाभाभींनी खिम्याचे समोसे आणले होते, आणि द्वारकाबाईंसाठी वेगळे डाळीचे. चौघं सोफ्यावर दाटीवाटीनं बसले आणि शिंपी मरायची वाट बघू लागले. त्याच्या दुकानाला आग लागली, तो वाचला. त्याच्यावर जीप घातली, तो वाचला. शेवटी शिंपी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. गुलालात न्हाऊन तो म्हणाला, “हुज़ूर, ये नाचीज़ अब नगरसेवक है.”

“सत्यानाश,” मेहरुन्निसाभाभी म्हणाल्या.

“जिवंत ठेवला तो ठेवला, वर मतंबी दिली,” द्वारकाबाई म्हणाल्या. त्या हे गोकुळरावांकडं बघून म्हणाल्या. दहा दिवसांनी.

कमरोद्दीननं मात्र वेगळंच पाहिलं होतं. “उसके शेरवानी का कॉलर देखो,” ते दात-ओठ खात म्हणाले. “वो दर्जी हैच नहीं. ऐसा कॉलर दर्जी पहन के मर जाएगा.”

मग नावं आली. पडदा काळा झाला. चौघांनी एकदम पुढं वाकून वाचलं. कमरोद्दीनचं नाव नव्हतं. गोकुळरावांचंही नव्हतं. कायदा विभागानं वादच मिटवून टाकला होता : ‘भाषा मार्गदर्शन : औरंगाबाद शहरातील समस्त नागरिक’.

ती ओळ चार सेकंद थांबली. जिन्यात दार आपटल्याचा आवाज आला, मग पावलं, मग बेल. गोकुळरावांनी दार उघडलं. सोमनाथ सर उभे होते, लाल झालेले, हातात कोरे कागद आणि पेन.

“पठाडे, हे समस्त म्हणजे मीबी आलो त्याच्यात,” सर म्हणाले. “पस्तीस वर्षं मी शुद्धलेखन शिकवलं. तो तुमचा माणूस कोर्टाबाहेर नेमका कुठं बसतो?”

गोकुळराव काही बोलायच्या आत कमरोद्दीन सोफ्यावरून म्हणाले, “आओ सर, अंदर आओ. पहले बैठ के गुस्सा करो.”

द्वारकाबाईंनी उशी उचलून कडेला जागा केली.